भाषण नको, तालीम हवी
वाचकांचे प्रश्न : वयात येणारी मुलं आणि नशा

मुलांमधल्या व्यसनांबद्दल आलेल्या पत्रांतून निवडलेले प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत. नावं आणि ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. उत्तरं मानसोपचार, समुपदेशन आणि शालेय आरोग्य या क्षेत्रांत काम करणाऱ्या आमच्या सल्लागारांनी मिळून दिली आहेत.

आमच्या शाळेत दरवर्षी २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन होतो. पोलीस साहेबांचं व्याख्यान, सडलेल्या फुप्फुसांची चित्रं, शपथ, गावातून फेरी. एकदा व्यसनातून सुटलेल्या गृहस्थांनाही बोलावलं होतं. मुलं टाळ्या वाजवतात आणि विसरतात. आठवी-नववीसाठी वर्षभरात सहा तास मिळतील. त्यात काय करता येईल?
— एक शिक्षिका, लातूर जिल्हा

बाई, तुम्ही मोजलेल्या सगळ्या गोष्टी देशभर होतात आणि त्यांचा मुलांच्या वागण्यावर परिणाम होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयानं प्रतिबंधाचे निकष २०१३ मध्ये काढले आणि २०१८ मध्ये सुधारले. नुसती व्याख्यानं, भीती घालणं, माजी व्यसनींची आपबीती आणि वर्गात पोलिसांनी शिकवणं या सगळ्या गोष्टी त्यांत ‘उपयोग होत नाही’ या रकान्यात आहेत. अमेरिकेत १९८३ साली पोलिसांकरवी शाळांत शिकवण्याचा ‘डेअर’ हा मोठा कार्यक्रम सुरू झाला. पुढे त्याच्यावर अभ्यास झाले, तेव्हा तो घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांच्या नशेच्या प्रमाणात दखल घ्यावी असा फरक दिसला नाही.

कारण साधं आहे. तेरा वर्षांच्या मुलानं वीस वर्षं तंबाखू मळणारा आणि शेतात बैलासारखा राबणारा काका पाहिलेला असतो. ‘तंबाखू खाल्ली की मेलास’ हे त्याला डोळ्यांदेखत खोटं दिसतं. मग त्याच तोंडून आलेल्या खऱ्या गोष्टीही तो सोडून देतो. माजी व्यसनी मंचावर बोलतो तेव्हा मुलांना ऐकू येतं ते वेगळंच : हा सगळं करून बसला, तरी आज हार घालून घेतोय.

मग चालतं काय? ठरवून आखलेले, मुलांना बोलतं करणारे तास. आठवड्याला एक, एकूण दहा ते पंधरा, आणि पुढल्या वर्षी उजळणी. तुमच्याकडे सहाच आहेत, तर ते असे वापरा.

पहिला तास अंदाजाचा. प्रत्येकाला चिठ्ठी द्या : ‘तुमच्या वयाची शंभर मुलं घेतली, तर गेल्या महिन्याभरात किती जणांनी तंबाखू, गुटखा किंवा सिगारेट घेतली असेल?’ फक्त आकडा लिहायचा, नाव नाही. चिठ्ठ्या फळ्यावर मांडल्या की चाळीस, पन्नास, सत्तर असे आकडे हमखास निघतात. मग खरा आकडा सांगा. २०१९ च्या राष्ट्रीय युवा तंबाखू पाहणीत १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांत तो ८.५ टक्के होता. म्हणजे शंभरातली एक्क्याण्णव मुलं घेत नाहीत. ‘सगळेच करतात’ हा या वयातला सगळ्यात मोठा दबाव आणि तो बहुतेक वेळा चुकीच्या अंदाजावर उभा असतो. इथे एक सावधगिरी हवी. तुमच्या भागात तंबाखूचं प्रमाण खरोखरच जास्त असेल, तर हा तास घेऊ नका. उलटा बसेल. आणि ‘तू घेतोस का?’ हा प्रश्न त्याच चिठ्ठीवर कधीही विचारू नका. मुलं अक्षर ओळखतात.

दुसरा तास शरीराचा, पण तीस वर्षांनंतरच्या कर्करोगाचा नको, आजचा. आठवीच्या विज्ञानात आम्ल-आम्लारी असतंच. चुना आम्लारी असतो, त्यानं तोंडातलं निकोटिन गालाच्या आवरणातून झपाट्यानं रक्तात जातं, म्हणून तंबाखूला चुना लावतात, हे मुलांना त्या धड्यात जोडून सांगता येतं. सुपारीनं गालाच्या आतला थर कडक होत जातो आणि तोंड उघडणं कमी होतं. एकदा कमी झालं की औषधानं पूर्ववत होत नाही. मुलांना आपापली तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून बघायला सांगा. निरोगी तोंडात ती बसतात. घरी जाऊन हीच चाचणी वडिलांवर, मामावर होते आणि अर्धं काम तिथे होतं.

तिसरा आणि चौथा तास नकाराच्या तालमीचा. हे दोन तास कुठल्याही कारणासाठी कापू नका, बाकीचे कापा. तिघांचे गट करा : एक आग्रह करणारा, एक नाही म्हणणारा, एक बघणारा. दोन मिनिटांनी भूमिका बदलायच्या. आग्रहाची वाक्यं मुलांकडूनच घ्या, ती आपल्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असतात. ‘एकदा घेऊन बघ, मरतोस का लगेच?’ ‘आईला विचारून येतोस का?’ ‘आमच्यात बसायचंय ना तुला?’ उत्तर देणाऱ्यासाठी नियम तीन. वाक्य छोटं. कारण द्यायचं नाही. दोनदा ‘नको’ म्हणून झालं की पाय काढायचा. कारण का नको? ‘घसा दुखतोय’ म्हटलं की समोरचा म्हणतो, ‘यानं बरा होईल.’ वाद सुरू झाला की आग्रह करणारा जिंकतो. ‘नको, मला नाही आवडत’ या वाक्याला फाटे फुटत नाहीत. बघणाऱ्यानं एवढंच टिपायचं : नजर खाली गेली का, आवाज कापला का, हसून वेळ मारून नेली का.

इथे बिघडतं ते असं. मुलं झिंगलेल्या माणसाची नक्कल करू लागतात आणि वर्गाचा तमाशा होतो. म्हणून नशेत असल्याचा अभिनय सुरुवातीलाच बाद करा. हो म्हणून घेण्याची भूमिका कुणालाही देऊ नका, कारण तालीम त्याचीच होते. जो घेतो असं सगळ्यांना ठाऊक आहे, त्याला आग्रह करणारा बनवू नका. मुलामुलींचे गट पहिल्या वेळी वेगळे ठेवलेत तर दोन्हीकडची जीभ सुटते.

पाचवा तास राग, अपमान, नापास होणं आणि रिकामी दुपार यांचा : अशा वेळी आपण नेमकं काय करतो, आणखी काय करता येईल. सहावा तास मदतीचा. कुणाला सांगायचं, सांगितल्यावर काय होतं, आणि कुठले फोन : व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मुलांसाठी १०९८, मनाच्या त्रासासाठी १४४१६.

शिवाय जिन्याखाली एक कुलपाची पेटी ठेवा. दर सोमवारी उघडा, प्रश्न मोठ्यानं वाचा, उत्तर द्या, आणि ‘हे कुणी लिहिलं?’ असं डोळ्यांनीही विचारू नका. हे तास बाहेरच्या पाहुण्यापेक्षा वर्गशिक्षकानंच घ्यावेत. मुलांना नंतर येऊन बोलायचं असतं तेव्हा पाहुणा कुठे सापडणार? केंद्र सरकारचे ‘नवचेतना’ नावाचे जीवनकौशल्यांचे पाठ आहेत, तेही मागवून घ्या. मुख्याध्यापकांना फेरी हवीच असेल तर काढा फेरी. त्यानं अपाय नाही, फोटोही चांगले येतात.

सोळा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात लांब, पातळ कागदांचं पाकीट आणि डोळ्यांत घालायचे थेंब सापडले. ते गांजासाठी असतात असं बहिणीनं सांगितलं. मिस्टर म्हणतात, पट्टा काढतो. मला तर बोलायचं कसं तेच कळत नाही. तो घरी येईल तेव्हा काय करू?
— एक आई, नाशिक

आज काहीच करू नका. निदान एक रात्र जाऊ द्या. तो नशेत असेल तर बोलणं वाया जातं, आणि तुम्ही संतापात असाल तर त्याहून जास्त वाया जातं. त्या रात्री तुम्हा दोघांचं आधी ठरायला हवं. एकानं मारायचं आणि दुसऱ्यानं पाठीशी घालायचं, हे घरात झालं की मूल त्या फटीतून निसटतं. पट्ट्यानं एकच गोष्ट साधते : पुढच्या वेळी पाकीट दप्तरात सापडत नाही.

कागदानं तंबाखूही वळतात, त्यामुळे पाकीट म्हणजे पुरावा नव्हे. लाल डोळे आणि थेंब यांवरूनही निकाल देऊ नका. जास्त वजन आहे ते बदलाला : जुने मित्र तुटून नवे आले का, झोपेची वेळ उलटली का, खेळ किंवा क्लास अचानक सुटला का, मोबाइलवरून शंभर-दोनशे रुपये पुन्हा पुन्हा एकाच माणसाला जातात का. दोन-तीन गोष्टी एकदम दिसल्या तर दखल घ्या.

बोलायला समोरासमोर बसवू नका. स्कूटरवरून उतरून चालताना, गाडीत, भाजी निवडताना, नजरेला नजर द्यावी लागत नाही अशी जागा बरी. दहा-पंधरा मिनिटं पुरे. सुरुवात अशी करा : ‘तुझ्या दप्तरात मला कागद सापडले. मी घाबरले. ओरडणार नाही. काय चाललंय ते तुझ्याकडून ऐकायचंय.’ मग गप्प राहा. ही शांतता अवघड असते आणि बहुतेक पालक ती प्रवचनानं भरून टाकतात. ‘कुणी दिलं?’ हा पहिला प्रश्न नसावा. मित्राला वाचवायला तो खोटं बोलेल आणि मग त्या खोट्यालाच चिकटून राहील.

तो थोडा मोकळा झाला की सहा गोष्टी जाणून घ्या. किशोरांसाठी डॉक्टर वापरतात त्या प्रश्नावलीतल्याच आहेत : नशा केलेल्या कुणाच्या गाडीवर बसला का किंवा स्वतः चालवली का, मन हलकं करायला, चारचौघांत मिसळायला घेतो का, एकट्यानं घेतो का, घेतल्यावर काय केलं ते विसरला असं झालं का, घरचे किंवा मित्र कमी कर म्हणाले का, त्यामुळे कुठे अडचणीत आला का. दोन किंवा जास्त ‘हो’ आली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा व्यसनमुक्तीच्या समुपदेशकाकडे घेऊन जा. एकच ‘हो’ असेल आणि ती गाडीची असेल, तरी त्या दिवसापासून एक करार करा : रात्री कितीही वाजता फोन केलास तर घ्यायला येऊ, त्या रात्री एक प्रश्न विचारणार नाही, बोलणं दुसऱ्या दिवशी.

मग नियम. तीनच, पण पाळले जातील असे. उदाहरणार्थ : साडेनऊला घरी, कुठे आणि कुणाबरोबर ते आधी सांगायचं, हातखर्च आठवड्याचा आणि हिशेबासकट. मोडला तर शिक्षा छोटी आणि नक्की. दोन दिवस बाइक बंद म्हणजे दोन दिवस बंद. ‘महिनाभर घराबाहेर पडायचं नाही’ असं म्हणून चौथ्या दिवशी माघार घेण्यापेक्षा हे पुष्कळ बरं.

तो रोज घेत असेल आणि थांबला, तर एक ते तीन दिवसांत चिडचिड, झोप न लागणं, भूक मरणं सुरू होतं आणि साधारण दोन आठवडे टिकतं. घरच्यांना तो माज वाटतो. तसं नसतं. या पंधरवड्यात अभ्यासावरून डिवचू नका.

घरात माल सापडला तर जपून ठेवू नका. त्याच्या देखत, त्याच्याच हातानं संडासात टाकून पाणी सोडायला लावा. गांजा जवळ बाळगणं, घेणं हा १९८५ च्या कायद्यानं गुन्हा आहे. १८ वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. याच कायद्याच्या कलम ६४ अ मध्ये, थोड्या प्रमाणातल्या गुन्ह्यात जो व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतो त्याच्यावर खटला न चालवण्याची तरतूद आहे. उपचाराला गेलं की पोलीस मागे लागतात, ही भीती मनातून काढा.

मी स्वतः दिवसाला चार खर्रे (तंबाखू, सुपारी, चुना घोटून केलेल्या पुड्या) खातो. मुलगा आठवीत गेला. त्याला कोणत्या तोंडानं सांगू?
— एक वडील, चंद्रपूर

त्याच तोंडानं. ‘मला सुटत नाही, म्हणून तुला सांगतोय’ हे वाक्य तुमच्याइतकं दुसऱ्या कुणालाच शोभणार नाही. मात्र आजपासून त्याला टपरीवर पाठवणं बंद. पुडी खिशात, उशाशी, खिडकीत ठेवणं बंद. मुलं पहिला खर्रा बहुधा विकत घेत नाहीत, घरातलाच चिमूटभर उचलतात.

आणि सोडायचा प्रयत्न त्याच्यासमोर करा. तारीख ठरवा. त्रासाचे दिवस दुसरा-तिसरा, त्यानंतर ओढ उतरत जाते आणि दोन ते चार आठवड्यांत बरीच ओसरते. तलफ आली की ती काही मिनिटांत शिखराला पोचून उतरते, तेवढा वेळ पाणी, चालणं, बडीशेप. निकोटिनचा च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतो. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिला खर्रा लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा, नाहीतर २ चा. तो सुपारीसारखा चघळत राहिलात तर उचक्या, मळमळ, जळजळ, आणि ‘हा काही कामाचा नाही’ म्हणून तुम्ही तो टाकून द्याल. चार-सहा वेळा चावायचा, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायचा, चुरचुर गेली की पुन्हा चावायचा, असा अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा नको, चहानं निकोटिन शोषलं जात नाही. तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत फोन १८००-११-२३५६. हा च्युइंगम मुलाला मात्र डॉक्टरांशिवाय देऊ नका. पहिल्या पत्राच्या उत्तरातली तीन बोटांची चाचणी तुम्हीही करा. बोटं बसत नसतील, तिखट झोंबत असेल, तर दंतवैद्याकडे या आठवड्यातच जा.

ऑनलाइन लघवी तपासायचे किट मिळतात. मुलाला न सांगता तपासावं का?
— एक वडील, पुणे

नाही. किट चुकतं, आणि चुकलं की किंमत नात्याला मोजावी लागते. गांजा एकदाच घेतला तर साधारण तीन दिवस दिसतो, रोज घेणाऱ्यात महिनाभरही दिसू शकतो. म्हणजे सोडून तीन आठवडे झालेला मुलगा ‘घेतोय’ ठरतो. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, साध्या पट्ट्यांना बऱ्याचदा सापडतच नाही. हुंगलेलं व्हाइटनर आणि पंक्चरचं सोल्युशन तर मुळीच नाही. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांनी पट्टी खोटंच ‘होय’ सांगते. तपासणी करायचीच झाली तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून, मुलाला सांगून, उपचाराचा भाग म्हणून.

महापालिकेच्या शाळेत शिकवते. सातवीतली दोन-तीन मुलं रुमालाला काहीतरी लावून हुंगतात. पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन असावं. वर्गात पेंगतात, तोंडाभोवती पुरळ आहे. पकडून मुख्याध्यापकांकडे न्यावं का?
— एक शिक्षिका, मुंबई

पकडायला धावू नका. हे अक्षरशः घ्या. सोल्युशन, थिनर, व्हाइटनरमधल्या टोल्युइनसारख्या द्रावकांनी हृदय अतिसंवेदनशील होतं. हुंगल्या हुंगल्या मूल दचकलं, पळालं, की अॅड्रिनॅलिनच्या झोताबरोबर ठोके बिघडून ते जागच्या जागी कोसळू शकतं. पहिल्याच वेळी हुंगणाऱ्यातही असं घडलेलं आहे. शांतपणे जवळ जा, रुमाल-पिशवी बाजूला करा, मोकळ्या हवेत बसवा, अर्धा तास पळू देऊ नका.

ही नशा खास लहान मुलांची आहे. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याच्या नशेचं प्रमाण मोठ्या माणसांत ०.५८ टक्के होतं, १० ते १७ वयात १.१७ टक्के. बाकी कुठल्याही नशेत मुलं मोठ्यांच्या पुढे नाहीत. स्वस्त, सहज मिळणारी, आणि हुंगल्यावर भूक मरते. म्हणून पहिला प्रश्न ‘जेवलास का?’ हा. डबा, दुपारी थांबायची जागा, घरी कोण असतं याची चौकशी, मग १०९८ किंवा पालिका रुग्णालयातला मानसोपचार विभाग. शाळेतले व्हाइटनर आणि डिंकाच्या बाटल्या कपाटात कुलपात. व्हाइटनरऐवजी खाडाखोडीची पांढरी पट्टी (करेक्शन टेप) मागवा. सगळ्या वर्गाला मात्र ‘हे हुंगू नका’ असा धडा देऊ नका. ज्यांना ठाऊक नाही त्यांना नवीन माहिती मिळते.

जिममधले दादा ‘टर्मिन’चं इंजेक्शन घे म्हणतात. दम वाढतो, नशा नाही म्हणतात. मी सतरा वर्षांचा आहे.
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

घेऊ नकोस. ते मेफेंटरमाइन आहे. शस्त्रक्रियेत भूल दिल्यावर रक्तदाब घसरला तर तो चढवण्यासाठी डॉक्टर वापरतात. ज्याचा दाब मुळात ठीक आहे त्याच्यात तो भलताच चढतो, त्यात वर वजन उचलायचं. छातीत धडधड, झोप उडणं, संशय, भास, आणि पुढे ते घेतल्याशिवाय जिमला जावंसंच न वाटणं, म्हणजे व्यसनच. एका सुईतून दोघातिघांनी घेतलं तर कावीळ बी, सी आणि एचआयव्ही. तू आधीच टोचून घेतलं असशील तर घाबरू नकोस, पण रक्तदाब आणि या तीन तपासण्या करून घे. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गुप्त असते.

मित्राच्या घरी पार्टी होती. एकानं व्होडका प्यायली आणि वर कुठलीशी ‘बटण’ गोळी घेतली. तो उठेनाच. सगळे म्हणाले झोपू दे, सकाळी उतरेल. सकाळी उठला. पण असं पुन्हा झालं तर काय करायचं?
— अकरावीची विद्यार्थिनी, ठाणे

‘झोपू दे’ हा सगळ्यात घातक सल्ला. शेवटचा घोट घेतल्यावरही पोटातली दारू रक्तात चढत राहते, म्हणजे झोपल्यानंतर माणूस आणखी खोल जातो. बटण, कुत्ता गोळी वगैरे नावांनी फिरतात त्या झोपेच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्या, नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम. दारू आणि या गोळ्या दोन्ही श्वास मंदावतात, एकत्र आल्या की दुपटीहून जास्त.

आधी हाक मारा, खांदे हलवा, खांद्याच्या वरचा स्नायू घट्ट चिमटा. डोळे उघडून धड उत्तर दिलं तर जागं ठेवून सोबत बसा. नाही दिलं तर छातीकडे बघत पूर्ण मिनिट श्वास मोजा. मिनिटाला आठपेक्षा कमी, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड, घोरल्यासारखा गुरगुर आवाज, ओठ-नखं निळसर, झटके : यातलं एक जरी असलं तरी १०८. काहीच नसेल पण जागा होत नसेल तरीही १०८.

गाडी येईपर्यंत त्याला डाव्या कुशीवर वळवा. वरचा गुडघा दुमडून पुढे टेकवा म्हणजे तो पालथा पडणार नाही, वरचा हात गालाखाली, मान किंचित मागे, तोंड जमिनीकडे. उलटी झाली तर ती बाहेर येते, श्वासनलिकेत जात नाही. अशा वेळी मृत्यू बऱ्याचदा उलटीनं गुदमरून होतो. उताणं ठेवून उशी देऊ नका. मिठाचं पाणी, लिंबू, चिंचेचं पाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यातलं काहीही नको. पहिल्या चारांनी तो गुदमरेल, शेवटच्यानं घसरून पडेल. श्वास थांबलाच तर १०८ वरचा माणूस फोनवरून छाती दाबायला सांगेल, तसं करा. एकानं सतत जवळ राहायचं. गोळीची रिकामी पट्टी खिशात घाला आणि डॉक्टरांना काय, किती, केव्हा ते खरं सांगा. तुम्ही लपवलेल्या गोळीवर उपचार होत नाही.

आणि तो मुलगा या गोळ्या रोज घेत असेल, तर घरच्यांनी त्या एकदम बंद करायच्या नाहीत. फिट येऊ शकते. डॉक्टर हळूहळू उतरवतात.

पंधरा वर्षांचा मुलगा एमडी घेतो. नातेवाईक म्हणतात, सहा महिने केंद्रात टाकून द्या.
— एक आई, छत्रपती संभाजीनगर

ताई, आधी बाह्यरुग्ण विभागात मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. सगळ्यांना भरती लागत नाही. एमडी सुटताना उदासी खोल असते, जीव द्यायचे विचार येतात, म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत त्याला एकटं ठेवू नका. भरती लागलीच तर मानसिक आरोग्य कायदा २०१७ वाचून जा. अल्पवयीन मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासलेलं असावं लागतं, ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं, आणि पालकानं किंवा पालकानं नेमलेल्या माणसानं पूर्ण वेळ सोबत राहायचं असतं. ‘सोडून जा, तीन महिने भेटायचं नाही’ असं सांगणारं, किंवा घरून मुलं उचलून न्यायला गाडी पाठवणारं केंद्र दिसलं, तर पैसे भरण्याआधी परत फिरा.

आम्ही टोरांटोत. इथे गांजा कायदेशीर आहे. मुलगी म्हणते, ‘सरकार विकतं, मग वाईट कसं? आणि आजोबा शिवरात्रीला भांग घेतातच की.’
— एक आई, कॅनडा

तिचा मुद्दा टाळू नका. ऑक्टोबर २०१८ पासून तिथे ते कायदेशीर आहे, पण ओंटारिओत वय १९. तिथल्या सरकारनं वयाची अट घातलीच आहे, कारण मेंदू साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. सुरुवात जितकी लवकर तितका व्यसनाचा धोका जास्त. घरात गांजा घातलेल्या गमी, चॉकलेट असतील तर कुलपात ठेवा. पाकिटामागे १० मिलिग्रॅम टीएचसीची (गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाची) मर्यादा कायदेशीर मालाला आहे, बाहेरून आलेल्याला नाही. भांगेसारखंच इथेही खाल्लेल्याचा अंमल अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत उशिरा चढतो. ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरा तुकडा खाल्ला जातो आणि मग रात्र इमर्जन्सीत जाते. आजोबांबद्दल तिला सरळ सांगा : ते वर्षातून एकदा घेतात, ते मोठे आहेत, आणि त्यांच्याही वयाला ते बरं नाही.

शाळेच्या फाटकासमोर टपरी आहे. मालक म्हणतो, वळसा घालून मोजा, शंभर यार्ड भरतात.
— पालक-शिक्षक संघाचे सदस्य, सांगली

वळसा मोजायचा नसतो. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानं शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे, आणि त्याखालच्या नियमांत हे अंतर शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या हद्दीपासून सरळ त्रिज्येत मोजतात. शंभर यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. मोजपट्टी कुंपणाच्या सगळ्यांत जवळच्या कोपऱ्याला लावा, फाटकाला नाही.

या कायद्यातला दंड २०० रुपयांपर्यंतच आहे, म्हणून टपरीवाले हसतात. त्यांना दुसरी कलमं दाखवा. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७७ : मुलाला तंबाखू, दारू किंवा अमली पदार्थ दिला तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कलम ७८ : मुलाकडून विकून किंवा पोचवून घेतलं तर तेवढंच. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे, त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे. ई-सिगारेट, व्हेप यांची विक्री २०१९ च्या कायद्यानं बंद आहे, पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

अर्ज मुख्याध्यापकांच्या सहीनं, शाळेच्या पत्रावर, पोलीस ठाणे आणि पालिका दोघांच्या नावे द्या. तारीख दिसेल असे टपरीचे दोन फोटो जोडा. एकात शाळेचं फाटक दिसायला हवं. त्यात मुलांचे चेहरे येऊ देऊ नका. दोन्हीकडून आवक क्रमांकासह पोच घ्या, पंधरा दिवसांनी त्याच क्रमांकाचा दाखला देऊन स्मरणपत्र द्या. आणि कुंपणाभोवती त्या अंतरावर पिवळी रेघ मारून घ्या. तंबाखूमुक्त शाळेच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत ती सांगितलेली आहे. रेघ मारताना पोलीस पाटील किंवा नगरसेवक हजर असतील असं बघा, म्हणजे ‘रेघ चुकली’ म्हणायला टपरीवाल्याला जागा राहत नाही.